हॉर्सपॉवर किती वेळ?

विहिरीवरचं जुनं किर्लोस्कर एव्ही-१ इंजिन खोललं, तर आतून ८० मिलिमीटर व्यासाचा एकच पिस्टन निघतो. स्ट्रोक ११० मिलिमीटर, फेरे मिनिटाला १५००, ताकद ५ हॉर्सपॉवर. १९८८ साली फॉर्म्युला वन शर्यतींत मॅक्लारेन एमपी४/४ गाडीला होंडाचं आरए१६८ई हे टर्बो इंजिन होतं. त्याच्या पिस्टनचा व्यास ७९ मिलिमीटर, म्हणजे किर्लोस्करपेक्षा एका मिलिमीटरनं कमीच. असे सहा पिस्टन १२,५०० फेऱ्यांना मिळून ६८५ हॉर्सपॉवर देत. एकाच्या वाट्याला ११४. त्या मोसमातल्या १६ पैकी १५ शर्यती त्या गाडीनं जिंकल्या.

शेलूबाजारचा एक मिस्त्री हा हिशेब गिऱ्हाइकाला तोंडपाठ सांगतो. सांगून झाला की विचारतो, व्यास तोच, धातू ॲल्युमिनियमच, मग विहिरीवरच्या पिस्टननं ११४ हॉर्सपॉवर का देऊ नये? गिऱ्हाईक फेऱ्यांचं बोलतं, टर्बोचं बोलतं. दोन्ही बरोबरच. पण मिस्त्रीला ऐकायचं असतं ते उष्णतेबद्दल. पिस्टन किती तापतो, किती वेळ तापलेला राहतो आणि तापून फुगल्यावर त्याला सिलिंडरमध्ये हलायला जागा उरते का, यावर त्याचा सगळा धंदा उभा आहे.

शेलूबाजार हे वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातलं गाव. अकोल्याहून मंगरूळपीरला जाणारा रस्ता आणि जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता इथं एकमेकांना भेटतात, त्यामुळे गॅरेजं, टायरवाले, वेल्डिंगवाले यांची वस्ती पूर्वीपासूनची. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि गावाजवळच त्यावर चढायची-उतरायची सोय झाली. तेव्हापासून गॅरेजासमोर ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रांच्या जोडीला वेगळ्या गाड्याही थांबू लागल्या. या मिस्त्रीनं उमेदवारी अकोल्यात ट्रॅक्टरवर केली, नंतर काही वर्षं पुण्यात रॅलीच्या गाड्यांची इंजिनं बांधणाऱ्या एका वर्कशॉपात काढली आणि मग गावी परतून शटर उघडलं. म्हणून त्याच्याकडे दोन टोकांची गिऱ्हाइकं येतात. एकाला सोयाबीन निघेपर्यंत इंजिन थांबायला नको असतं, दुसऱ्याला ते दहा सेकंद भन्नाट पळायला हवं असतं.

दोघांची मागणी मात्र एकच असते. ताकद वाढवून द्या.

ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. १०० मिलिमीटरचा पिस्टन दर दहा अंशांना साधारण ०.०२ मिलिमीटरनं मोठा होतो. बिडाचा लाइनर तेवढ्याच तापमानवाढीला ०.०११ च्या आसपास. शिवाय लाइनरला बाहेरून पाणी लागतं, पिस्टनला ते सुख नाही. त्याच्या डोक्यावर थेट जाळ, आणि ती उष्णता बाहेर जाणार रिंगांतून, स्कर्टमधून आणि खालून उडणाऱ्या ऑइलमधून. म्हणून पिस्टन गोल नसतोच. तो किंचित लंबगोल आणि उभ्यात किंचित पिंपासारखा असतो, डोक्याकडे बारीक, स्कर्टकडे जाड. गरम झाल्यावर तो जवळपास गोल व्हावा, अशी ती रचना. त्यामुळे मायक्रोमीटर कुठं लावायचा हेही ठरलेलं असतं: गजनपिनच्या काटकोनात, स्कर्टच्या तळापासून कारखान्यानं सांगितलेल्या उंचीवर. मनाला येईल तिथं मोजलं तर दोन-चार शतांश मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. आणि सगळा खेळच आठ-दहा शतांशांचा.

मे महिन्यात या गॅरेजात एक नियम कडक असतो. पिस्टन आणि ब्लॉक रात्रभर एकाच टेबलावर, एकाच सावलीत ठेवायचे आणि मोजमाप सकाळी सातच्या आत उरकायचं. वाशिमकडचा मे म्हणजे दुपारी पत्र्याखाली ४३ अंश. सकाळी २३ अंशांना मोजलेला १०० मिलिमीटरचा पिस्टन त्या दुपारी ०.०४ मिलिमीटरनं मोठा भरतो. ठेवायची जागा एकूण ०.१० ते ०.१२. बोअर सकाळी मोजली आणि पिस्टन दुपारी, तर जागेचा तिसरा हिस्सा नुसत्या उन्हानं खाल्ला. कामाला नवीन आलेली पोरं याला मिस्त्रीचा सोवळेपणा समजतात. जगभरच्या मोजमापांचं प्रमाण तापमान २० अंश आहे, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

ही फुगण्याची भीती ॲल्युमिनियमच्या पिस्टनइतकीच जुनी आहे. पहिल्या महायुद्धाआधी बहुतेक पिस्टन बिडाचे किंवा पोलादाचे असत. १९१३ साली डब्ल्यू. ओ. बेंटली हा इंग्रज तरुण पॅरिसजवळच्या डीएफपी मोटारींच्या कारखान्यात गेला, तेव्हा तिथल्या टेबलावर कागदांवर ठेवायचं वजन म्हणून ॲल्युमिनियमचा एक छोटा पिस्टन होता. हलक्या पिस्टनला जास्त फेरे झेपतील, हे त्याला तिथंच उमगलं. ८८ टक्के ॲल्युमिनियम आणि १२ टक्के तांबं अशा मिश्रधातूचे पिस्टन त्यानं करवून घेतले आणि त्या गाड्यांनी शर्यती मारल्या. जाणकारांचा आक्षेप एकच होता: हा धातू वितळेल किंवा फुगून अडकेल. आक्षेप खोटा नव्हता. जागा किती सोडायची याचं गणित बसल्यावर तो मागे पडला, इतकंच.

मिस्त्रीकडे मेलेल्या पिस्टनांची एक पेटी आहे. वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकापुढे तो ती उघडतो. एखाद्या पिस्टनच्या समोरासमोरच्या दोन्ही बाजू घासून चकचकीत झालेल्या असतात, म्हणजे जागा कमी पडली. एखाद्यावर गजनपिनच्या दोन्ही अंगांना, तिरप्या जागी चार ओरखडे असतात, म्हणजे पिनेभोवतीचा भाग भलताच तापला. एकाच्या डोक्याची कड वितळून पातळ झालेली आणि खाली उभे कोरडे चरे; तो डिझेल इंजिनातला, नोझल ठिबकत होती आणि डिझेलनं सिलिंडरवरचं ऑइल धुऊन काढलं. एकाची वरची रिंग जिथं बसते ती भिंतच तुटलेली. तो पेट्रोलचा, नॉकिंगनं, म्हणजे पेट्रोलनं दाबाखाली आपोआप पेट घेतल्याच्या तडाख्यानं गेलेला. पेटीत ट्रॅक्टरचे आणि मळणीयंत्रांचे पिस्टन जास्त आहेत, शर्यतीच्या गाड्यांचे कमी. ऐकणाऱ्याला याचं नवल वाटतं. मिस्त्रीला नाही.

कारण ट्रॅक्टरच्या बाबतीत पिस्टनला किती जागा ठेवायची हा प्रश्न मिस्त्रीपर्यंत येतच नाही. पिस्टन आणि लाइनर जोडीनं, एकाच खोक्यात येतात. जागा कारखान्यानं ठरवलेली. ती ठरवताना डिझेल किती जळणार आणि उष्णता किती निघणार हेही धरलेलं. मग ऑक्टोबर येतो. सोयाबीन सवंगून पडलेलं, आभाळाचा भरवसा नाही, पंजाबातून आलेली हार्वेस्टरं गावोगाव फिरतायत, आणि कुणीतरी सांगतं, "भाऊ, पंप जरासा वाढवून द्या ना." म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जाणारं डिझेल वाढवायचं. ताकद वाढते, हे खरं. सायलेन्सरमधून काळा धूर निघायला लागतो, तो न जळलेल्या डिझेलचा. एक्झॉस्ट तापतो, पिस्टनचं डोकं तापतं, पण खोक्यातून आलेली जागा तेवढीच राहते. त्यात सोयाबीनचं कुटार उडून रेडिएटरच्या जाळीत बसतं. मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं: "पंप वाढवून देतो, पन रेडिएटर कोन वाढवनार?"

यात एक मुद्दा आहे, तो भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. शंभर हॉर्सपॉवरचं हार्वेस्टर शेतात उतरलं की तासन्‌तास त्या शंभरातले सत्तर-ऐंशी खर्चत राहतं. समृद्धीवर ठरलेल्या १२० च्या वेगानं सपाट रस्त्यावर चाललेली लहान गाडी तीस-पस्तीस हॉर्सपॉवरच्या वर मागत नाही. कागदावर कितीही लिहिलेले असोत, बाकीचे बसून असतात. पिस्टनला कागद दिसत नाही. म्हणून पेटीत शेतातल्या यंत्रांचे पिस्टन जास्त.

आता एका पोराची गोष्ट. जवळच्याच एका गावचा, इंजिनीअरिंगचं शिक्षण पुण्यात झालेला. त्याच्याकडे चुलत्याची जुनी मारुती एस्टीम होती, १६ व्हॉल्व्हची. १२९८ सीसी, बोअर ७४ मिलिमीटर, कारखान्यातून निघाली तेव्हा ८५ हॉर्सपॉवर. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाची ड्रॅग शर्यत भरते. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, सरळ रेषेत, दोन गाड्या शेजारी-शेजारी. त्याला तिथं उतरायचं होतं.

"काका, दोनशे हॉर्सपॉवर पाह्यजे."

"किती वेळ?"

"किती वेळ म्हंजे?"

"दहा-पंधरा सेकंद पाह्यजे का घंटाभर? त्याच्यावर सारं हाय. अन् पेट्रोल कोनचं टाकशीन ते आताच सांग, मंग नको."

पोरगा हसला, पण मिस्त्री विनोद करत नव्हता. दोनशे भागिले चार, म्हणजे एका पिस्टनला पन्नास. किर्लोस्करचे पाच आणि होंडाचे ११४, यांच्या जवळपास मध्ये. गाडी रस्त्यावर चालवायची नाही, ट्रेलरवर घालून न्यायची आणि आणायची, ही अट त्यानं पहिल्याच दिवशी घातली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. शिवाय त्याला इंजिनाचा दिवस कसा जाणार हे पक्कं माहीत हवं होतं. थंड सुरुवात, गरम करणं, पंधरा-वीस सेकंद पूर्ण जोर, मग अर्धा तास उभं. समृद्धीवर रोज पळवायची असती, तर त्यानं वेगळे पिस्टन घेतले असते आणि दोनशेचं नावही काढू दिलं नसतं.

कारखान्याचे पिस्टन ओतीव असतात आणि या इंजिनात त्यांना ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर जागा पुरते. एवढी कमी पुरते, कारण त्या धातूत सिलिकॉन भरपूर असतं आणि सिलिकॉन फुगणं आवरतं. मात्र त्यानं धातू ठिसूळही होतो. टर्बो लावून सिलिंडरातला दाब वाढवला आणि एकदा जरी नॉकिंगचा तडाखा बसला, तर ओतीव पिस्टनची रिंगेखालची भिंत उडते. म्हणून घडीव पिस्टन. त्यांत दोन जाती चालतात. ४०३२ या मिश्रधातूत साधारण १२ टक्के सिलिकॉन. तो कमी फुगतो, कमी वाजतो, जास्त दिवस टिकतो. २६१८ मध्ये सिलिकॉन नावालाच. तो जास्त फुगतो, लवकर झिजतो, पण मार खाऊन वाकतो, तुटत नाही. या २६१८ चं कुळ विमानांचं. त्याचंच ब्रिटिश रूप आरआर-५८ काँकॉर्डच्या अंगावर होतं. आवाजाच्या दुप्पट वेगानं उडताना ते ६२ मीटरचं विमान तापून वीसेक सेंटिमीटरनं लांब होई आणि उतरल्यावर पुन्हा आखडे. मिस्त्रीला हे पुण्याच्या वर्कशॉपात कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून २६१८ चा पिस्टन हातात घेतला की तो काँकॉर्डचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही.

पोरानं २६१८ घेतले. मिस्त्रीनंच घ्यायला लावले.

इथून ओढाताण सुरू झाली. पोराला गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल पाठ. त्यातले ०.०४ त्याच्या डोक्यात पक्के बसलेले, आणि पिस्टन सकाळी वाजलेला त्याला चालणार नव्हता. दुसऱ्या टोकाला अकोल्याचा बोअरवाला, उभी हयात ट्रक आणि ट्रॅक्टरवर गेलेली. त्याचं म्हणणं, "चार थाऊ ठेव, जाम तं होत नाही." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, चार थाऊ म्हणजे ०.१० मिलिमीटर. त्याच्या म्हणण्यात अनुभव होता, पण तो दुसऱ्या इंजिनांचा. ७४ मिलिमीटरच्या बोअरमध्ये चार थाऊ ठेवले तर पिस्टन थंडीत डुगडुगतो, रिंगा बोअरला सरळ टेकत नाहीत, ऑइल वर चढतं. आणि दहन होताना सिलिंडरात चढलेलं ऑइल नॉकिंगला आमंत्रण देतं, कारण त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा फार कमी. सैल ठेवलं की सुरक्षित, हा ट्रॅक्टरवाल्यांचा समज टर्बोच्या पेट्रोल इंजिनात उलटतो.

घडीव २६१८ साठी एक ढोबळ आडाखा चालतो: बोअरच्या दर इंचाला एक थाऊ, टर्बो असेल तर वर अर्धा. ७४ मिलिमीटर म्हणजे २.९ इंच. आडाखा तीन-साडेतीन थाऊ सांगतो, म्हणजे ०.०७५ ते ०.०९. मिस्त्रीनं आडाखा नुसता ताळ्यासाठी वापरला. खरा आकडा पिस्टनसोबत आलेल्या कागदावरून घेतला, कारण स्कर्टचा आकार ज्यानं ठरवला त्यालाच तो किती फुगेल हे ठाऊक. ०.०८५ ठरले. मॅन्युअलच्या दुपटीपेक्षा जास्त, बोअरवाल्याच्या चार थाऊंपेक्षा कमी. आधी पिस्टन हातात घ्यायचे, चारही मोजायचे, प्रत्येकावर नंबर टाकायचा आणि मगच त्या-त्या पिस्टनच्या मापाला त्याची-त्याची बोअर होन करायची. बोअर आधी मारून मागाहून पिस्टन मागवायची पद्धत या कामात चालत नाही.

बोअरवाल्याची आणि मिस्त्रीची खरी बाचाबाची झाली ती प्लेटवरून. हेडचे बोल्ट पूर्ण कसले की ब्लॉक थोडा ओढला जातो आणि बोअर दोन-तीन शतांशांनी वेडीवाकडी होते. बोल्ट न कसता होन केलेली बोअर मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल दिसते, हेड बसवल्यावर गोल राहत नाही. म्हणून हेडऐवजी जाडजूड पोलादी प्लेट कसून, तिच्या भोकांतून होन करायचं. बोअरवाल्याला हा श्रीमंतांचा चाळा वाटला. मिस्त्रीनं स्वतःच प्लेट कापून, भोकं पाडून, फेस करून नेली, ब्लॉकवर गॅसकेटसह कसली आणि डायल बोअरमध्ये उतरवून सुई दाखवली. बोअरवाला काही बोलला नाही. प्लेट मात्र आपल्याकडेच राहू दे म्हणाला.

रिंगांच्या टोकांतली फट हा वेगळा हिशेब. टर्बोमुळे रिंग जास्त तापते, लांबते. दोन टोकं भिडली की तिला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि ती पिस्टनची भिंत फोडते. ही फट ०.४० च्या आसपास ठेवली, एकेक रिंग त्या-त्या बोअरमध्ये सरळ बसवून, फिलर गेजनं मोजून, कानशीनं हलक्या हातानं घासून. एक संपूर्ण दुपार त्यात गेली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं आणखी काही नाही.

इंधनाचा प्रश्न जास्त अवघड निघाला.

गावातल्या पंपावर जे मिळतं ते ई-२०. २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं आलेलं, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. पूर्वीच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१, याचा ९५, कारण इथेनॉलचा स्वतःचा १०८ च्या वर आहे. ऑक्टेन म्हणजे ताकद, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची ती सहनशक्ती. साध्या एस्टीममध्ये शंभर ऑक्टेनचं पेट्रोल ओतलं तर खिसा तेवढा हलका होतो. दाब वाढवलेल्या इंजिनात मात्र ही सहनशक्तीच ताकद देते, कारण तिच्या बळावर टर्बोचा दाब वाढवता येतो आणि ठिणगी लवकर टाकता येते. होंडाच्या त्या १९८८ च्या इंजिनाला नियमानं १०२ ऑक्टेनची मर्यादा होती. त्यांनी ८४ टक्के टोल्युईन आणि १६ टक्के नॉर्मल हेप्टेन असं मिश्रण वापरून ती काठोकाठ गाठली. तिथंही पिस्टन आणि इंधन एकाच टेबलावर ठरले होते.

पोराचा जीव इथेनॉलवर. त्याचं वाचन बरोबर होतं. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे आत जाणारी हवा आणि पिस्टनचं डोकं दोन्ही थंड राहतात. इंडियन ऑइलनं १५ मार्च २०२४ रोजी पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर 'इथेनॉल १००' विकायला काढलं, त्यांत महाराष्ट्र होता. पण शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या एका किलोला ९. म्हणजे त्याच हवेला दीडपटीहून जास्त इंधन. दोनशे हॉर्सपॉवरच्या पूर्ण जोरावर पेट्रोल तासाला साठ-सत्तर लिटरच्या हिशेबानं जातं, इथेनॉल शंभराच्या जवळ. मोठे इंजेक्टर, मोठा पंप, सगळे पाइप वेगळ्या रबराचे. थंड इंजिनात जास्तीचं इथेनॉल बोअरवरचं ऑइल धुतं, आणि थंड असताना हा पिस्टन सैलच असतो. हे सारं जमवता येतं. मिस्त्रीचा प्रश्न साधा होता: ज्या पंपावरून घेऊन इंजिन ट्यून करायचं, शर्यतीच्या दिवशी तेच हमखास मिळेल का?

हा प्रश्न त्याच्या डोक्यात का बसला आहे, हे त्याच्या पिढीच्या मिस्त्रींना विचारावं. रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये आणि पेट्रोलमध्ये मिसळायचा धंदा महाराष्ट्रात कुठवर गेला होता, ते २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला दिसलं. भेसळीच्या अड्ड्यावर गेलेले मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथं जिवंत जाळण्यात आलं. रॉकेलचा ऑक्टेन इतका कमी की पेट्रोलमध्ये थोडं जरी मिसळलं तरी टर्बोच्या इंजिनाला ते विषच. डिझेलमध्ये मिसळलं तर वंगणपणा जातो, पंपाचे प्लंजर आणि नोझल झिजतात, नोझल ठिबकते. पेटीतला कड वितळलेला पिस्टन आठवावा. मिस्त्री आजही पंपावर घनता विचारतो आणि फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघतो. तो ग्राहकाचा हक्कच आहे, मागणारे कमी. पेट्रोलातलं इथेनॉल मोजायची त्याची रीतही सोपी आहे. काचेच्या मापात ८० मिलिलिटर पेट्रोल आणि २० मिलिलिटर पाणी घेऊन हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं. ई-२० असेल तर खालचा थर २० चा ३६ च्या आसपास होतो.

शेवटी ठरलं ते असं. शर्यतीसाठी पुण्यातून शंभर ऑक्टेनचं पेट्रोल. इंडियन ऑइलनं १ डिसेंबर २०२० रोजी एक्सपी-१०० काढलं, तेव्हाच्या दहा शहरांत मुंबई-पुणे होती. डायनो या ताकद मोजायच्या यंत्रावरचं ट्यूनिंग पुण्यात, शर्यत लोणावळ्याजवळ, पंप एकच. गावात रिंगा बसेपर्यंत चालवायला ई-२०, त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये वेगळा मॅप, टर्बोचा दाब अगदी कमी. कॅन उघडलं की आधी पाण्याची परीक्षा, मग टाकीत. उरलेलं पेट्रोल पुढच्या मोसमासाठी ठेवायचं नाही. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या कॅनमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि ती फार झाली की तळाला पाण्याचा थर वेगळा होतो.

पहिल्यांदा सुरू केलं ते डिसेंबरातल्या सकाळी. २६१८ चा पिस्टन, बाहेर थंडी. टकटक टकटक ऐकू आली. पोराचा चेहरा उतरला. पाणी गरम होत गेलं तसा आवाज मवाळ होत नाहीसा झाला. मिस्त्रीनं एकच सूचना दिली: हा आवाज थांबल्याशिवाय पायाखालचा ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. थंड असताना जोर दिला तर पिस्टनचं डोकं आधी फुगतं, ब्लॉक मागाहून, आणि ठेवलेली सगळी जागा त्या मधल्या मिनिटात संपते. ट्रॅक्टरवाल्यांना हे सांगून तो थकला आहे. सेल मारला की लगेच रोटाव्हेटर जमिनीत.

पुण्यात डायनोवर आकडा दोनशेच्या जरा अलीकडे थांबला. ट्यूनर आणखी दाब द्यायला तयार होता. मिस्त्रीनं स्पार्क प्लग काढून बघितले, पांढऱ्या सिरॅमिकवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके आहेत का ते भिंगातून तपासलं. नॉकिंगनं पिस्टन झिजायला लागला की पहिली खबर तिथं मिळते. ठिपके नव्हते. तरी त्यानं आकडा वाढवू दिला नाही, कारण ट्यूनिंग जानेवारीतल्या संध्याकाळी झालं होतं आणि धावपट्टीवर दुपारी उतरायचं होतं. टर्बोत शिरणारी हवा दहा-पंधरा अंशांनी गरम असणार. तेवढी शिल्लक खिशात ठेवायची.

मोसम संपल्यावर मिस्त्रीनं हेड काढायला लावलं. बोअरवर होनच्या तिरप्या रेघा शाबूत होत्या, चारही पिस्टनच्या स्कर्टवर सारखी, मधोमध, फिकट घासण होती. पुन्हा मोजल्यावर जागा शतांशभरानं वाढलेली निघाली. २६१८ असाच झिजतो. नव्या रिंगा टाकून आणखी एक मोसम निघेल, असं त्यानं सांगितलं. पोराला आता अडीचशे हवेत. मिस्त्रीनं कॅल्क्युलेटर काढला, चारनं भागलं, साडेबासष्ट आले. त्याला पिस्टन पुरतील, म्हणाला, पण कनेक्टिंग रॉड कारखान्याचे आहेत, ते बदलावे लागतील, आणि शंभर ऑक्टेनवर एवढा दाब झेपणार नाही, म्हणजे इथेनॉलचा विषय पुन्हा काढावा लागेल. तोवर दारात एक हार्वेस्टर येऊन उभं राहिलं होतं, रेडिएटर कुटारानं भरलेलं, आणि ड्रायव्हर हिंदीत पंप वाढवायचं म्हणत होता.